कानातली हाक

"उडी मारणाऱ्याच्या पोटाला चुना लागत नाही," प्रेताशेजारून उठत इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या.

हवालदाराच्या मते प्रकरण सरळ होतं. घरची सून भर दुपारी गच्चीवरून अंगणात पडली. तिची सहा वर्षांची लेक उन्हाळ्यात दम्याच्या झटक्यानं गेली होती. तेव्हापासून आईला तिच्या हाका ऐकू येत होत्या, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. डोक्यावर परिणाम झाला, उडी मारली. विषय संपला.

बाई गच्चीवर गेल्या. कठडा कमरेएवढा आणि नुकताच चुना मारलेला. त्यावर पावलाचा ठसा कुठेच नव्हता. पण एका जागी चुना रुंद पुसला गेला होता, जणू कोणी पालथं पडून खाली वाकलं असावं. कपडे वाळत घालायची दोरी गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला होती. बादलीत पिळे तसेच पडले होते.

"हातातलं काम टाकून ही इकडे काय बघायला आली?" बाई म्हणाल्या.

खाली बघण्यासारखं काहीच नव्हतं. बरोबर खाली सासूच्या खोलीची खिडकी, आणि समोर एका गोदामाची उंच कोरी भिंत.

मृत सून लहानपणापासून बहिरी होती. दोन्ही कानांत श्रवणयंत्रं. एक पडल्यावर फुटलं होतं, दुसरं शाबूत होतं. बाईंनी ते जपून डबीत ठेवलं.

दिवाणखान्यात मृत सुनेची धाकटी बहीण भिंतीला टेकून बसली होती. बाई काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "भाऊजींनी मारलंय तिला. वेड्या बायकोचा कंटाळा आला होता त्यांना."

भाऊजी समोरच होते. छापखान्यात मशीन चालवायचे. रात्रपाळी करून ते दुपारी मागच्या खोलीत झोपले होते.

"यंत्रं कोणी आणली?" बाईंनी विचारलं.

"मीच," भाऊजी म्हणाले. "फोनला जोडता येतात ती. कॉल सरळ कानात येतो. आधी माझ्या फोनला जोडली होती. तिनं स्वतःचा फोन घेतला तेव्हा माझ्याकडून काढून तिच्या फोनला जोडून दिली."

"हाका कधी ऐकू यायच्या?"

"दिवसा, घरात. आंघोळीच्या वेळी कधी नाही. झोपेतही नाही."

"तेव्हा यंत्रं कुठे असायची?"

"काढून ठेवलेली."

"माहेरी?"

बहीण मध्येच बोलली, "आमच्याकडे दिवाळं वाजल्यागत तोंड करून बसली होती आठवडाभर. पण हाक एकदाही नाही. मी म्हटलं, बघ, त्या घरातच खोट आहे."

"हे होते तिथे?" बाईंनी भाऊजींकडे पाहत विचारलं.

"दोन दिवस होते."

बाई सासूच्या खोलीत गेल्या. आजी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. उशाशी चिमुकला वायरलेस स्पीकर, त्यावर जुनी गाणी मंद चालली होती.

"आजी, सुनेच्या यंत्रांबद्दल काही माहिती?"

"मला मेलीला काय कळतंय त्या फोनातलं! पोरगा लावून देतो ते ऐकते."

तेवढ्यात स्पीकर टुकटुकला आणि गप्प झाला. चार्जिंग संपलं होतं. आजींनी न बघता मांडीवरच्या फोनवर दोनदा बोट टेकवलं. तेच गाणं, तिथूनच, फोनवर सुरू झालं.

"दुपारी इथेच होतात?"

"इथेच. धप्प आवाज आला तेव्हा कळलं."

समोर गोदामाच्या भिंतीवर एक सावली हलत होती. वर कठड्यापाशी टेप लावणाऱ्या हवालदाराची. टोपीसकट.

संध्याकाळी बाई श्रवणयंत्रांच्या दुकानात गेल्या. दुकानदारीण मृत सुनेला चांगली ओळखत होती.

"गेल्या आठवड्यात आली होती. तिच्या फोनचे कॉल कानात येईनासे झाले होते. मी म्हटलं, यंत्र दुसऱ्याच कुठल्या फोनला जोडलं गेलंय, तोडून देते. तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, राहू द्या."

"का?"

"ते नाही सांगितलं. एवढंच विचारलं, आवाज आणखी मोठा होईल का."

बाईंनी विचारलं, "नवा फोन जोडायला काय लागतं?"

"काही नाही. यंत्र बंद करून चालू केलं की थोडा वेळ ते कोणालाही हात देतं. हातात यंत्र असलं की झालं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिघांना दिवाणखान्यात बसवलं आणि फोन टेबलावर ठेवायला लावले. मग डबीतलं यंत्र चालू करून कानाशी धरलं.

त्यांनी नवऱ्याच्या फोनवर रिंग दिली. फोन टेबलावर थरथरला, कानात काहीच नाही. बहिणीच्या फोनवर दिली. तेच.

मग आजींच्या. रिंग बाईंच्या कानात खणखणली.

"पोरानं कधीतरी जोडलं असेल," आजी म्हणाल्या.

"मी नाही जोडलं, आई," मुलगा म्हणाला.

"त्यांनी नाहीच जोडलं," बाई म्हणाल्या. "माहेरी ते होते, पण हाक नव्हती. हाक तुमच्या फोनबरोबर घरी राहिली होती. फोनमधलं कळत नाही म्हणता, आणि गाणं स्पीकरवरून फोनवर न बघता आणता. सून आंघोळीला गेली की यंत्रं बाहेर असायची. तेव्हा तुम्ही ती जोडून घेतलीत."

बाईंनी यंत्र बंद केलं, आणि हवालदारानं आजींचा फोन उघडून एक व्हिडिओ लावला. लपाछपीचा. पडद्यामागून पोरगी खिदळत होती: "आई, मी इथंय! शोध ना मला!"

मुलानं कान दाबून धरले.

"काल मी माझे वायरलेस इअरफोन हवालदाराच्या कानात घालून त्याला गच्चीवर पाठवलं, आणि फोन तुमच्या खिडकीत धरला," बाई सांगू लागल्या. "दोरीपाशी आवाज तुटत होता. कठड्यापाशी बरा येत होता. फोन आत घेतला की वाकावं लागत होतं. जितका आत, तितकं जास्त. आणि ती किती वाकली, हे तुम्हाला समोरच्या भिंतीवर सावलीत दिसत होतं."



आजींनी पदर नीट केला. आता त्यांच्या बोलण्यात म्हातारपणाचा मागमूस नव्हता.

"माझी नात पलीकडच्या खोलीत हाका मारून मारून गेली. ही भिंतीअलीकडे भांडी घासत होती, कानात यंत्र न घालता. मी बाहेर होते. परत आले तेव्हा पोर निळी पडली होती. म्हटलं, तेव्हा नाही ऐकलंस ना, आता ऐक. रोज ऐक."

"आणि काल फोन आत ओढलात?"

"गजांबाहेर हात काढून धरला होता. मग घेतला आत, हळूहळू."

बहीण रडू लागली. बाईंनी यंत्र डबीत ठेवलं.

"एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही, आजी. ती घाबरत नव्हती. आवाज दुसऱ्याच्या फोनमधून येतोय, हे दुकानात तिला कळलं होतं. तिथल्या तिथे बंद करता आला असता. तिनं करू दिला नाही. उलट आवाज वाढवता येईल का, असं विचारलं. लेकीचा आवाज तिला दुसरीकडे कुठे मिळणार होता? ती तुमच्या खिडकीवर घाबरून वाकली नाही. ऐकायला वाकली."

आजींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. बाईंना वाटलं, आता ही म्हातारी कोसळणार.

"म्हणजे तिला बरं वाटत होतं?" आजींनी विचारलं.

"हो."

"मग चुकलंच माझं," आजी म्हणाल्या. "आधीच बंद करायला हवं होतं. तेच जास्त लागलं असतं तिला."

मुलगा उठला. आईकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. घराचं दार त्यानं सताड उघडलं आणि हवालदाराला वाट करून देत बाजूला उभा राहिला.