दुसरं लाल जाकीट

"उद्या बर्फावर पहिली घसरगुंडी माझी!" भोंग्याने जाहीर करून टाकलं.

"तू घसरलास की डोंगरही तुझ्यामागून खाली येईल!" टाचणी म्हणाली.

भोंगा म्हणजे सिनेमाच्या युनिटच्या स्वयंपाकी काकांचा मुलगा. हळू बोलणं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. टाचणी ही कपडेपट सांभाळणाऱ्या मावशींची मुलगी. कुठल्या शर्टाचं कितवं बटण सैल आहे, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. आणि दोघांच्या मध्ये बसून खिदळणारी बारा वर्षांची खारू. तिचे बाबा सिनेमातल्या हीरोचे डुप्लिकेट होते. सुट्टीत तिघंही आपापल्या माणसांबरोबर शूटिंगला आली होती.

सिनेमा होता डोंगरात एकट्या अडकलेल्या गिर्यारोहकाचा. हीरो बहुतेक वेळ गाडीत हीटरपुढे बसायचा. पडायचं, लटकायचं, आपटायचं असलं की खारूचे बाबा! दोघांची लाल जाकिटं सारखी आणि दाढीवर चिकटवलेला खोटा बर्फही सारखा. बाबांच्या जाकिटात इवलासा माईक शिवलेला होता, कारण पडद्यावर हीरो टाकणार त्या धापा बाबांच्या. बाबांना मात्र सिनेमाभर एक शब्दही बोलायचा नव्हता.

"बाबा, तुम्हाला भीती नाही वाटत?" खारू विचारायची.

"भीती? ती कशाशी खातात?" बाबा म्हणायचे, आणि खारूला ते खरंच वाटायचं.

दुपारी धुकं उतरलं. उतरलं म्हणजे काय, हा हा म्हणता समोरचा अख्खा कडा गिळून बसलं. दिग्दर्शक ओरडले, "पॅकअप!" मग कोण धावपळ! रस्ता बंद व्हायच्या आत खाली पोचायचं होतं. दोरवाल्या काकांनी दोर ओढला. तो रिकामाच वर आला, म्हणजे गडी दोर सोडून बाजूच्या पायवाटेने निघाला असणार, असं त्यांनी धरलं. मॅनेजर वही घेऊन माणसं मोजत होते. गाडीत लाल जाकीट दिसलं, त्यांनी खूण केली.

"माझे बाबा कुठायत?" खारूने विचारलं.

"पहिल्या गाडीतून गेले. मी स्वतः पाहिलं. चल, बस लवकर!"

"मला सोडून बाबा जाणार नाहीत."

टाचणी आईच्या पेटाऱ्यात डोकं घालून बसली होती. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. "खारू, पहिल्या गाडीत हीरो बसला. त्याच्या जाकिटाचं कोपर धड होतं. फाटक्या कोपराचं, खोटं रक्त लावलेलं जाकीट तुझ्या बाबांच्या अंगावर होतं. ते परत आलेलंच नाही!"

मॅनेजरांना हे सांगितलं तर ते वैतागले. "पोरींनो, जाकिटं काय मोजताय? सिनेमाचं काम आहे की लाँड्री?"

खारू पळत आवाजवाल्या काकांच्या मशीनपाशी गेली. काका गाडी आणायला गेले होते, पण मशीन अजून चालू होतं. तिने हेडफोन कानाला लावले. रोज ती असेच बाबांचे श्वास ऐकायची.

श्वास होते. तुटक, घरघरणारे. आणि मग शब्द.

"खारू... बाळा... कुणी येत नाहीये गं..."

बाबा बोलत होते! पण त्यांना इथलं काहीच ऐकू जात नव्हतं. "बाबा, मी इथेय! बाबा!" ती मशीनवर तोंड ठेवून ओरडली. मशीन काय ऐकणार?

"तुझी आई म्हणायची, हे काम सोड," बाबा म्हणत होते. "ऐकलं नाही मी. भीती वाटतेय गं मला. फार भीती वाटतेय..."

खारूला रडायचं होतं, पण रडली असती तर ऐकू आलं नसतं. भोंगा धुक्याच्या दिशेने घसा फोडून ओरडला. त्याचा तो प्रसिद्ध आवाजसुद्धा चार पावलांवर विरून गेला.

"ए! मशीनला हात लावू नका!" मॅनेजर धावत आले. मशीनशेजारीच दिग्दर्शकांचा माईक आणि लाउडस्पीकर होता, कड्यावरच्या माणसांना हुकूम सोडायचा. खारूने त्याच्याकडे पाहिलं. टाचणीच्या लगेच लक्षात आलं.

"अय्या, काका!" टाचणी किंचाळली. "तुमची पँट मागून पार उसवलीय!"

मॅनेजर जागच्या जागी गर्रकन फिरले. दोन्ही हात मागे! तेवढ्यात भोंग्याने स्पीकरची वायर खेचली, खारूने हेडफोन उपटून ती वायर तिथे खुपसली. आणि बाबांचा आवाज सगळ्या डोंगरावर घुमला.

"...पाय हलत नाहीये... पाणी... खारू..."

गाड्यांची इंजिनं एकेक करून बंद झाली. दोरवाल्या काकांच्या हातातली चहाची कपबशी खाली पडली.

स्पीकरमधले श्वास एकदम थांबले. मग आवाज आला, "हा... हा तर माझाच आवाज. कुणी ऐकतंय का?"

दोरवाल्या काकांनी दिग्दर्शकांचा माईक हिसकावून घेतला. "ऐकतोय रे! सगळे ऐकतोय! कुठे आहेस?"

"खालच्या कपारीत. दोर सोडला आणि पाय घसरला."

"हलू नकोस! आलोच!"

आवाजवाले काका धापा टाकत आले. त्यांनी मशीनकडे पाहिलं आणि मान हलवली. "त्याच्या जाकिटातल्या माईकचे सेल सकाळचे आहेत. फार वेळ टिकणार नाहीत."

बांधलेले दोर पुन्हा सोडले. चौघे जण धुक्यात शिरले आणि दिसेनासे झाले. खारू माईकवर बोलत राहिली. घरचं बोलली, शाळेचं बोलली, पाठ असलेले पाढेसुद्धा म्हणाली. आधी बाबा "हं" म्हणायचे. मग नुसते श्वास. मग खरखर. मग तीही नाही.

"सेल संपले असतील," भोंगा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो हळू बोलला.

सेल संपले की बाबा, हे सांगायला कुणीच नव्हतं. दोन तास गेले. मोठी माणसं एकमेकांच्या नजरा चुकवत होती. मावशींनी खारूला शालीत गुंडाळलं. आता बाबा काही परत येत नाहीत, असं तिला आतून वाटायला लागलं होतं. तरी ती माईकवर बोलतच होती. पाढे संपले, पुन्हा दोनपासून सुरू झाले.

सतराच्या पाढ्यावर धुक्यातून चार माणसं स्ट्रेचर घेऊन आली. स्ट्रेचरवर लाल जाकीट होतं. कोपर फाटलेलं. आणि त्यातला माणूस डोळे उघडून बघत होता!

युनिटच्या डॉक्टरांनी पाय तपासला आणि हळूच सांगितलं, "जीव वाचला. पण या पायाने आता डोंगर चढणं नाही."

"शाब्बास पोरांनो!" दिग्दर्शकांनी तिघांची पाठ थोपटली. "आम्ही मोठे आंधळे ठरलो, तुम्ही डोळस!" मॅनेजर मान खाली घालून उभे होते. त्यांनी टाचणीची माफी मागितली. मग दिग्दर्शक आवाजवाल्या काकांकडे वळले. "ते सगळं रेकॉर्ड झालंय ना? जपून ठेवा. हीरोच्या तोंडी घालू. असा आवाज कुठल्या नटाला काढता येणार नाही!"

"नाही," खारू म्हणाली.

"काय नाही?"

"ते बाबा माझ्याशी बोलत होते. तुमच्या सिनेमाशी नाही."

आवाजवाले काका वीस वर्षं त्या दिग्दर्शकांपुढे "हो साहेब" याखेरीज काही बोलले नव्हते. त्यांनी खारूकडे पाहिलं, मशीनपाशी वाकले, आणि दोन बटणं दाबली. "पुसलं, साहेब," ते म्हणाले.

बाबांना गाडीत ठेवलं. खारू त्यांच्या उशाशी बसली.

"सगळं ऐकलंस?" बाबांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे मी घाबरतो, हे कळलं तुला." त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. "आणि आता हे कामही गेलं. दुसरं काय येतं मला?"

खारूने त्यांचा गार पडलेला हात दोन्ही हातांत धरला.

"मीपण खूप घाबरले होते, बाबा," ती म्हणाली, आणि इतका वेळ अडवून ठेवलेलं रडू एकदम फुटलं. बाबांनी तोंड पुन्हा तिच्याकडे फिरवलं. गाडी घाट उतरून खाली येईपर्यंत दोघंही रडत होती.