पिराजीच्या नावचे सहा अहवाल

"मॅडम, सहा कारखाने नाहीतच!"

विद्या हुद्दारच्या हातातला चहाचा कप तिथेच थांबला. फोनवर मकरंद होता, कानडी मुलखातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत कर्ज कंपनीची शाखा होती, तिचा मॅनेजर. विद्या त्याच कंपनीची दक्षता अधिकारी. घोटाळा झाला की पहिला फोन तिलाच यायचा.

"नाहीत म्हणजे? बंद पडले?"

"कधी नव्हतेच! लेथ यंत्रांसाठी कर्ज दिलं, आणि पत्त्यावर नारळाची वखार. दुसऱ्या पत्त्यावर मोकळा प्लॉट. सहाही पाहणी-अहवाल पिराजीचे. पाच वाजता पोलिसांत तक्रार देतोय. तुमची फक्त सही हवी."

फक्त सही! जशी काही पार्सल घेतल्याचीच. विद्याने चहा तसाच ठेवला आणि रिक्षा पकडली.

शाखेत पाऊल टाकताच तिला रिकाम्या जागा दिसल्या. वर्षापूर्वी इथे बारा कारकून होते. आता बिलं, उतारे, पगारपत्रकं सगळं संगणकच वाचायचा आणि चार मिनिटांत 'मंजूर' नाहीतर 'नामंजूर' सांगून मोकळा व्हायचा. दहा खुर्च्या भिंतीशी एकावर एक रचून ठेवल्या होत्या. उरले होते दोघं. यंत्राला कागद भरवणारी स्मृती, आणि कारखाना स्वतःच्या डोळ्यांनी पाहून येणारा पिराजी. बावीस वर्षं तो तेच करत होता.

"पिराजीवरच संशय कशावरून?" विद्याने मकरंदला विचारलं.

"आयडी त्याचा. आणि तो आयडी त्याच्या टॅबलेटशिवाय कुठेही चालत नाही. मॅडम, हे लोक डेस्परेट झालेत. नोकरी जाणार हे दिसतंय, मग जाता जाता हात मारून घ्यायचा. म्हणून तर मी म्हणतो, पाहणीसुद्धा एआयलाच देऊन टाका. यंत्र लाच खात नाही."

"अहवाल दाखवा."

सहाही एकाच दिवशीचे. एक ऑक्टोबर, बुधवार, सकाळी अकरा ते अकरा वीस. प्रत्येकात तेच झकास वर्णन: लेथ चालू, सहा कामगार कामावर, उत्पादन जोरात. फोटोत लख्ख, कोरी करकरीत यंत्रं.

"वीस मिनिटांत सहा कारखाने?"

"टपरीवर बसून ठोकून दिले असणार! दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, घाई असेल."

विद्याने तारीख पुन्हा वाचली. ती तिने वहीत टिपून घेतली.

मग तिने स्मृतीला गाठलं. "त्या बुधवारी तू कुठे होतीस?"

"रजेवर, मॅडम. हजेरी बघा. शाखेत सर एकटेच होते."

"पिराजींचा आयडी आणखी कुठे चालतो?"

स्मृतीने काचेच्या केबिनकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सरांच्या संगणकावर. पिराजीकाका दोन महिने तिथेच बसून यंत्राला अहवाल लिहायला शिकवत होते ना. तेव्हापासून तो उघडाच आहे."

पिराजी फायलींच्या खोलीत बसला होता. निपाणीकडचा माणूस, पन्नाशी उलटलेली. समोर टॅबलेट ठेवलेला.

"पिराजी अण्णा, खरं काय ते सांगा."

"अक्का, ते कारखाने मी बगितलेच न्हाईत. बावीस वर्सांत एक कागद खोटा केला न्हाई. आता पोलीस येनार म्हंत्यात. पीण्यात कुठल्या तोंडानं फिरू मी?"

"एक ऑक्टोबरला कुठे होतात?"

"एक तारीख?" तो चमकला. "अवो, तारीख मला कुनी सांगितलीच न्हाई की!"

कुणी विचारलंच नव्हतं त्याला. विद्याला राग आला, अगदी मनापासून. तेवढ्यात पिराजीने टॅबलेट पटकन आपल्याकडे ओढला. टॅबलेटच्या मागच्या बाजूला लालसर डाग होता.

"हे काय?"

"काय न्हाई."

"अण्णा!"

"नियम मोडलाय मी, अक्का," तो पुटपुटला. "कळलं तर त्यापायीच नोकरी जाईल. लेथवाल्या नागराजला इचारा."

नागराजचं वर्कशॉप दोन गल्ल्या सोडून होतं. प्रश्न ऐकून तो हसला, कानडीत "सरी अक्का", म्हणजे 'बरं ताई', म्हणाला आणि मोबाइल पुढे केला. फोटो पाहून विद्याने तिथूनच मुंबईला फोन लावला.

साडेचार वाजता केबिनमध्ये सगळे जमले. मुंबई मुख्यालयाचे मोठे साहेब, यशोवर्धन, पडद्यावर.

"एक ऑक्टोबर म्हणजे आयुधपूजा, आपली खंडेनवमी," विद्याने सुरुवात केली. "मुंबईच्या यादीत फक्त दसऱ्याची सुट्टी, म्हणून शाखा उघडी होती. पण त्या दिवशी पीण्यात एक लेथ फिरत नाही. यंत्रं धुतात, कुंकू लावतात, हार घालतात, दारात कोहळा फोडतात. आणि या अहवालांतल्या फोटोत यंत्राला कुंकवाचं बोटही नाही! पिराजींना खोटंच लिहायचं असतं, तर 'सहा कामगार कामावर' हे त्यांनी मेले तरी लिहिलं नसतं."

"घाईत चुकला असेल," मकरंद म्हणाला.

"बरं. मग हा फोटो बघा. नागराजच्या वर्कशॉपमधला, वेळ अकरा दहा." पाटावर पाने-पक्कड, हातोड्या, आणि मधोमध हळदीकुंकवाने माखलेला, झेंडूखाली दबलेला टॅबलेट. "कंपनीची वस्तू पूजेला ठेवायची नाही असा आपला नियम आहे, म्हणून अण्णा गप्प होते. पण हे त्यांचं हत्यार. अकरा ते साडेअकरा ते पाटावर होतं आणि समोर वीस माणसं उभी होती. मग अहवाल भरले कुणी? मकरंद, आयडी फक्त टॅबलेटवर चालतो असं तुम्ही मला सांगितलंत. तो तुमच्या या संगणकावरही चालतो, आणि त्या दिवशी शाखेत तुम्ही एकटे होतात. सहा नावं तुम्ही दिलीत. पिराजींनीच शिकवलेल्या यंत्राने त्यांच्याच धाटणीत सहा अहवाल फोटोंसकट तयार करून दिले. बाहेर काय चाललंय ते यंत्राला दिसलं नाही, आणि तुम्ही काचेबाहेर डोकावला नाहीत."

"विद्याताईंनी दुपारीच कळवलं, म्हणून आम्ही आयडीच्या वापराची नोंद काढली," पडद्यावरून आवाज आला. "अकरा ते अकरा वीस. संगणक तुझाच आहे, मकरंद."

मकरंदने आपल्या संगणकाकडे पाहिलं. "कर्जाचा दलाल म्हणाला, पैसे वाटून घेऊ, वर्षभर हप्ते तो भरेल. पण दुसऱ्याच हप्त्याला पळाला." मग पडद्याकडे वळून तो म्हणाला, "कारकून संपले की पुढचा नंबर माझाच होता, सर. तुमच्याच प्रेझेंटेशनमध्ये होतं."

पिराजी टॉवेलात तोंड खुपसून रडला.

"पिराजी, तुमच्यावरची तक्रार रद्द," यशोवर्धन म्हणाले. "आणि हे आयुधपूजेचं फार उपयोगी आहे. आपण यंत्राला शिकवूच. आणखी काय काय बघता तुम्ही? सगळं लिहून द्या. उद्यापर्यंत."

पडदा काळा झाला. विद्याने कोरा कागद पिराजीपुढे सरकवला.

"अक्का," पिराजी हळूच म्हणाला, "हे सांगितलं म्हनून मी सुटलो. आन् हेच सांगितलं म्हनून माझं काम जानार. न्हवं?"

विद्याने मान डोलावली. आयुधपूजेचं गुपित तिनेच तर फोडलं होतं.

पिराजीने पेन घेतलं, एक ओळ लिहिली आणि कागद परत दिला. 'आयुधपूजेला यंत्र बंद असते.' बाकी पान कोरं.

"एवढंच?"

"एवढंच ठावं हाय मला," तो म्हणाला. बावीस वर्षांतलं त्याचं पहिलं खोटं. त्याने हेल्मेट उचललं, टॅबलेट काखेत मारला आणि पाच वाजायच्या आत त्या दिवशीच्या पाहणीतल्या उरलेल्या दोन कारखान्यांकडे निघाला.