मामाच्या गाडीचा चौथा शब्द

शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच, तेवढं सांभाळून घ्या.

फार कमी बोलायचा म्हणून टॅक्सीच्या ऑफिसात सगळे त्याला मुका म्हणत. शाळा अर्धवट सुटल्यावर मामानेच त्याला इथे चिकटवलं होतं. मामा इथलाच ड्रायव्हर. गेल्या वर्षी वारला.

त्या संध्याकाळी दाट धुकं उतरलं होतं. फोन घेणाऱ्या काकू ओरडल्या, "मुक्या, पडदा परत कोरा! गाड्या गिळल्या की काय तुझ्या कॉम्प्युटरने?"

प्रत्येक गाडी आपली स्थिती जेसन नावाच्या ठरावीक साच्यातल्या मजकुरातून कॉम्प्युटरला कळवायची. प्रोग्रामला तीनच शब्द ठाऊक: मोकळी, भाड्यावर, बंद. चौथा आला की सगळं वाचनच कोसळायचं. मुक्याने आलेला मजकूर उघडला. एका गाडीने कळवलं होतं, 'थांबलोय'.

गाडी मामाची होती.

ती तर गॅरेजमागे विटांवर उभी, इंजिन काढलेली. मुक्याने गाडीचा नंबर पुन्हा तपासला. खोलीत लवंगेचा वास दरवळला. मामाच्या तोंडात कायम लवंग असायची.

त्याने प्रोग्राममध्ये शब्द बदलणारा छोटा तुकडा लिहिला: अनोळखी शब्द आला तर 'बंद' समज. पडदा उजळला. बाकी सगळ्या गाड्या भाड्यावर होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. काकूंचा आवाज खाली आला. "तुझी ताई... कळा सुरू झाल्यात. घरी एकटीच आहे. अॅम्ब्युलन्सही मिळेना रे..."

ताईला मामाने अंगाखांद्यावर खेळवलेलं. मुक्याने 'बंद' खोडून 'मोकळी' लिहिलं. प्रोग्रामने आपणहून ताईचं भाडं त्या गाडीला नेमलं, आणि मामाची गाडी 'भाड्यावर' दिसू लागली.

"ही कुणाची?" काकू कुजबुजल्या.

"आपलीच..."

रात्री दवाखान्यातून ताईचा फोन आला. मुलगी झाली होती. "ड्रायव्हर किती भला रे! एकदाही मागे वळला नाही, पण रस्ताभर म्हणत होता, 'हळूच घेतो हं, चिमणे...'" ती थबकली. "अरे, मला चिमणी तर फक्त..."

"झोप आता, ताई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गॅरेजमागे गेला. गाडी विटांवरच होती, बॉनेटखाली नुसती पोकळी. मागच्या सीटवर ताईची शाल, नीट घडी घातलेली. ती उचलून त्याने दार हळू लावलं. "येतो, मामा," म्हणाला, आणि शाल छातीशी धरून दवाखान्याकडे निघाला.

त्याच्या पाठीमागे ड्रायव्हरच्या बाजूची काच, आतून, करकरत वर जाऊ लागली.