बाहेरची वेळ

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. हे माझ्या घरात घडलंय, गेल्या महिन्यात, एका मंगळवारी संध्याकाळी.

बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी कॉम्प्युटरवरची हजेरी सांभाळते. माझा दादा तिथेच हमाल.

कार्ड लावून आत. कार्ड लावून बाहेर. सहा वाजता माझी यादी सांगते, आत किती माणसं आहेत. शून्य असेल तरच सुपरवायझर बाहेरून कुलूप घालतात.

काही जण जाताना कार्ड लावायला विसरायचे. यादीत तेवढी जागा रिकामी.

"मॅडम, ही यादी आहे की दात पडलेलं तोंड?" सुपरवायझर म्हणाले. "भरा की त्या फटी!"

भरल्या.

बाहेरची वेळ रिकामी दिसली, की कॉम्प्युटरने आपोआप 'सहा' लिहायचं, असं लावून दिलं. यादी चकाचक. रोज शून्य.

त्या मंगळवारी मी घरी आले. मागोमाग दादा आला. समोरच्या खुर्चीत बसला.



चहा दिला. कप नुसता हातात धरून बसला...

फोन वाजला. सुपरवायझर.

"मॅडम, आतून कोणीतरी ठोकतंय. तुमची यादी तर शून्य म्हणते!"

लॅपटॉप उघडला. ते आपोआप भरणं काढून टाकलं. यादी पुन्हा काढली.

एकच ओळ.

दादा.
आत: ५:४१
बाहेर:

मी मान वर केली...

दादा माझ्याकडेच बघत होता.

"उघडा," मी फोनमध्ये कशीबशी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता!"

कुलूप. कडी. दार करकरलं.

मग फोनमधून दादाचा आवाज. दात वाजत होते.

"चिमणे... अगं, मेलो असतो ना गं..."

समोरची खुर्ची रिकामी होती.

दादा वाचला. तेव्हापासून अंथरुणातच आहे. त्याचं कार्ड माझ्या पर्समध्ये असतं.

फटी मी आता भरत नाही.

काल सहाला यादी काढली. आत एक जण.

दादा.
आत: ५:४१
बाहेर:

शेजारच्या खोलीत दादा खोकला.

"मॅडम," फोनवर सुपरवायझर, "सगळे गेले. कोणी ठोकतही नाहीये. लावू ना दार?"

"राहू द्या उघडं," मी म्हणाले.

दार कालपासून उघडंच आहे. बटाटे सडतील म्हणून ते ओरडतायत. सडू देत.

बाहेरची वेळ पडते का बघायला मी दर पाच मिनिटांनी यादी काढतेय...