उंबऱ्याबाहेरचं घर

"ताईंसमोर नको," साक्षी दबक्या आवाजात म्हणाली, आणि समाधानने हातातला रंगांचा तक्ता चटकन उशीखाली सरकवला...

चहाचे कप घेऊन दारात उभ्या असलेल्या योगिनीने ते ऐकलंही आणि पाहिलंही! ज्या भावाला बोट धरून शाळेत नेलं, ज्याच्यापायी स्वतःच्या लग्नाची बोलणी आल्या पावली परत पाठवली, तो आज आपल्यापासून लपवतो? आणि काय, तर गाडीचा रंग!

"ये ना ताई," समाधान उगाचच हसला. "गाडीचंच चाललंय. रंग ठरत नाहीये."

"मग मला दाखव की. मला काय रंग कळत नाहीत?"

"ठरला की दाखवतो ना..."

साक्षीने, तिच्या भावजयीने, कप घेतले, पण नजर काही वर उचलली नाही.

गाडी म्हणजे साधीसुधी नव्हे. समाधानने एक जुनी मिनीबस घेऊन तळवड्याच्या एका शेडमध्ये तिचं फिरतं घर करायला टाकलं होतं. आत पलंग, ओटा, फ्रिज, संडाससुद्धा! "सुट्टीत फिरू, ताई, तुला बोधगया दाखवतो," असं तो म्हणाला तेव्हा योगिनी हरखून गेली होती. पण हळूहळू घरातली हवाच बदलली. ती आली की बोलणं थांबायचं. समाधान फोन घेऊन अंगणात जायचा, "पायरी अजून खाली घ्या" असं कुणाला तरी सांगायचा आणि ती दिसली की "बरं, बघू" म्हणून फोन ठेवायचा. संशय एकदा घरात शिरला की जेवायलाही आपल्याच शेजारी बसतो. योगिनीचा घास हल्ली त्यानेच कडू केला होता.

काय नव्हतं केलं तिने या घरासाठी? देहूरोडच्या याच दोन खोल्यांतून तिचे वडील, अण्णासाहेब, दुसऱ्या बाईचा हात धरून लातूरकडे निघून गेले तेव्हा ती अकरावीत होती आणि समाधान बालवाडीत. आईने, तानुबाईने, जे अंथरूण धरलं ते सोडलंच नाही. आईला खांदा द्यायला तो माणूस आला, तेव्हा योगिनीने चार लोकांसमोर दारात हात आडवा धरला होता. "मी जिवंत असेपर्यंत या माणसाचा पाय माझ्या उंबऱ्याच्या आत पडणार नाही!" पुढे मग चाकणच्या कंपनीतली लाइन, शिफ्ट, ओव्हरटाइम, समाधानच्या फिया... तारुण्य कधी आलं नि कधी ओसरलं, त्या बिचारीला कळलंही नाही! उरली ती गुडघ्यांची ठणक.

आणि आता आपणच अडचण झालो की काय?

गुरुवारी दोघं "शेडवर जाऊन येतो" म्हणून निघाले. गुरुवार म्हणजे एमआयडीसीची सुट्टी! त्या दिवशी शेडला कुलूप असतं हे चाकणला उभी हयात घातलेल्या बाईला कुणी सांगायला हवं होतं का? मग ही दोघं जातात तरी कुठे? योगिनीने पायात चपला सरकवल्या आणि रिक्षा केली.

शेडचं शटर मात्र अर्धं उघडं होतं. मालक उद्धवराव गाडीशी काहीतरी खुडबुड करत होते. त्यांनी तिला फोटोवरून ओळखलं असावं.

"समाधानरावांच्या ताई ना? या, या! ती मंडळी मागं बसलीत. आधी गाडी तर बघा." आणि त्या भल्या माणसाने कौतुकाने एकेक दाखवायला सुरुवात केली. "ही पायरी बटण दाबलं की खाली येती. म्हाताऱ्या माणसाला ढोपर वाकवायला नको. हे धरायला दांडे, कमोडजवळ पण दिलेत. पलंग दवाखान्यात असतो तसा, उशाकडनं उचलणारा."

"पलंग... एकच?"

"एकाच माणसाला ऱ्हायचंय म्हणले की! गाडी काय लांब जायची न्हाई. घरासमोरच उभी ऱ्हाणार."

एकच पलंग... दुखऱ्या गुडघ्यांना खाली येणारी पायरी... घरासमोर, घराबाहेर! म्हणजे हे होतं तर ते गुपित! हाडांची काडं करून ज्या घराला तिने उभं ठेवलं, त्याच घरातून तिची पाठवणी पत्र्याच्या डब्यात!

"समाधान!" तिचा आवाज शेडभर घुमला. तो धावत बाहेर आला, मागोमाग साक्षी.

"ताई? तू इथे?"

"मला घराबाहेर काढायचं होतं तर तोंडाने सांगायचंस रे! मी माझ्या पायांनी गेले असते... एवढी सोय कशाला करत बसलास?"

"अगं काय बोलतेस हे! ही गाडी तुझ्यासाठी नाहीये, ताई..."

"मग कुणासाठी?"

समाधानने शेडच्या मागच्या बाजूला पाहिलं. साक्षीने पदर डोळ्यांना लावला. आणि योगिनीची नजर भिंतीशी वाळत ठेवलेल्या एका पत्र्यावर गेली. रंग कसा दिसतो ते पाहायला गाडीआधी तुकडा रंगवतात, तो पत्रा. फिका निळा... नव्हे, फिक्याहून थोडा जास्त निळा.

हा रंग तिच्या ओळखीचा होता! जयंतीच्या आधी वस्तीतली सगळी घरं रंगायची. अण्णा बादलीत चुना कालवायचे आणि छोटी योगिनी नीळ टाकायची. "बस्स, पोरी," ते म्हणायचे. ती हट्टाने अजून एक चिमूट टाकायची. ते हसून तोच हात भिंतीला द्यायचे. सगळ्या वस्तीत त्यांचंच घर एवढं निळं दिसायचं! ते गेल्यावर दारावर निळा झेंडा दरवर्षी लागला, पण भिंतींना निळीचं बोट तिने पुन्हा लागू दिलं नव्हतं.

"हा रंग... कुणी सांगितला?"

"आजोबांनी," उद्धवराव म्हणाले. "चुन्यात नीळ जास्त पडल्यावर होतो तसा. कितीदा तरी पत्रा पुसायला लावला त्यांनी."

योगिनी शेडच्या मागे गेली. प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता. एक हात मांडीवर निर्जीव पडलेला, तोंड वाकडं झालेलं. ज्या चेहऱ्याचा तिने जन्मभर द्वेष केला, त्याचं आता एवढंच उरलं होतं.

"त्यांच्याजवळ आता कुणी नाही, ताई," मागून समाधान म्हणाला. "गाडी शेडमध्ये टाकली आणि लातूरच्या दवाखान्यातून फोन आला. तुझी शपथ मोडायची माझी छाती नव्हती... आणि बापाला टाकायचीही नव्हती. म्हणून मग हे असं, उंबऱ्याबाहेरचं घर."

"त्यांनी रंग तेवढा मागितला, ताई," साक्षी म्हणाली. "बाकी काही नको म्हणाले."

"योगे..." म्हाताऱ्याची जीभ अडखळत होती. "तुझाच... रंग. मी न्हाई येत... उंबऱ्यात."

किती वर्षं अडवून धरलेलं पाणी होतं ते! योगिनी तिथेच खाली बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडली, आईसाठी रडली, स्वतःसाठी रडली. कुणी तिला हात लावायला धजलं नाही. मग तिने डोळे कोरडे केले आणि उद्धवरावांकडे वळली.

"गाडीचं दार कुठल्या बाजूला आहे?"

"डाव्या. म्हणजे दार रस्त्याकडं आन् तुमच्या घराकडं पाठ. समाधानरावांनीच तशी लावायचं ठरवलंय."

"तुला दिसायला नको म्हणून," समाधान खाली मान घालून म्हणाला.

"गाडी फिरवून लाव. दार माझ्या दाराकडे."

"ताई!"

"आणि ते दारावर ओढून घ्यायचं सावलीचं कापड असतं ना, उद्धवराव?"

"ते समाधानराव नको म्हणले होते."

"ते बसवा. माझ्या उंबऱ्यापर्यंत पोचेल एवढं लांब बसवा. उन्हापावसात ताट घेऊन मलाच यावं लागणार आहे."

खुर्चीतला म्हातारा दुसऱ्या, धड हाताने तिच्या दिशेला चाचपडत होता. तिने तो हात धरला.

"शपथ मी मोडणार नाही, अण्णा," ती म्हणाली. "तुम्ही आत यायचं नाही... मी बाहेर येईन."