मागच्या चाकाचा दगड

सकाळी सव्वानऊला फोन वाजला तेव्हा कोमल एका फवारणी पंपात डोकं घालून बसली होती.

"कोमल, असशील तशी घरी ये. गाडी पुन्हा निळा धूर सोडून राहिली!" शिवहार फोनवर ओरडत होता. "या बारीला तुझं काही ऐकून घेणार न्हाई मी."

कोमलने हातातला पाना जमिनीवर आपटला. चाळीस दिवस! अवघ्या चाळीस दिवसांपूर्वी तिने त्या गाडीचा बिघडलेला टर्बो काढून नवा बसवला होता, तोही स्वतःच्या पदरचे पैसे घालून. माणसाने संतापायचं नाही तर काय करायचं?

हिंगोलीहून ऑटोमोबाइलचा डिप्लोमा घेऊन तिने गोरेगावात गॅरेज टाकलं, त्याला तीन वर्षं झाली होती. लोक तिच्याकडे पंप आणत, मोटरसायकली आणत आणि फुकटचा सल्ला देऊन जात. मग ठिबकच्या दुकानात बरकत आलेल्या शिवहारने पुण्याहून एक जुनी लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार आणली आणि तिला टर्बो बसवायचं काम कोमलला दिलं. त्यासाठी ती पंधरा दिवस राबली. गाडी शिट्टी वाजवत रस्त्यावर आली, त्या दिवशी तिने दारावर नवी पाटी लावली. शिवहारचे हिंगोलीचे दोन मित्र आपल्याही गाड्या देणार होते, फक्त ही गाडी कशी टिकते ते त्यांना बघायचं होतं. दुसऱ्यांदा टर्बो गेल्याचं त्यांना कळलं की पाटी उतरवून पुन्हा पंपात डोकं घालायचं, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

शिवहारचं घर गावाच्या कडेला. पत्र्याच्या शेडखाली गाडी, शेजारी खाट आणि खाटेवर शिवहारचे वडील पुंजाजी. गोरेगाव-सेनगाव-हिंगोली रस्त्यावर त्यांनी तीस वर्षं जीप चालवली होती. दीड वर्षामागे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि शिवहारने जीप विकून टाकली.

"आली का माय? बघ त्या डबड्याला काय झालं ते," पुंजाजी म्हणाले.

शिवहार आणि कोमलने गाडी ढकलून उजेडात आणली. अंगण उताराचं, गाडी जराशी मागे सरकली. पुंजाजी खाटेवरून उठून आले होते. त्यांनी बोलता बोलता पायानेच एक दगड मागच्या चाकाखाली सारला. मग शिवहारने हँडब्रेक ओढला.

कोमलने इंजिन सुरू केलं. निळा धूर अंगणभर झाला. चावी फिरवताच इंजिन गप्प झालं आणि तिथेच तिच्या कपाळाला आठी पडली. पण आधी तिने बॉनेट उघडलं. टर्बो म्हणजे इंजिनच्या धुराने फिरणारी आणि इंजिनात हवा कोंबणारी छोटी चक्की. तिच्याकडे तेल नेणारी बारीक नळी कोमलने सोडवली. आत दूध करपलेल्या पातेल्याच्या बुडासारखा काळा थर चिकटला होता.

"तेल जळालंय," ती म्हणाली. "टर्बो तापलेला असताना इंजिन एकदम बंद केलं की तेल वाहायचं थांबतं आणि जागच्या जागी करपतं. गाडी पळवून आल्यावर लगेच बंद करता का, शिवहारभाऊ?"

"मी? घड्याळ लावून दोन मिनिटं थांबतो मी! तुझा तो टायमर तर महिन्यापासून बंद हाय."

पहिला टर्बो गेला तेव्हाच कोमलने हा टायमर बसवला होता. चावी काढली तरी तो इंजिन दोन मिनिटं चालू ठेवत असे, मग आपोआप बंद करत असे.

"महिन्यापासून? मग मला सांगितलं काहून न्हाई?"

"काय सांगू? तुझं काम असंच असतंय, म्हटलं."

कोमलने दात आवळले आणि स्टिअरिंगच्या खाली डोकं घातलं. टायमरची वायर तुटलेली नव्हती. कोणीतरी ती जोडणीतून ओढून काढली होती आणि उघडं टोक टायरच्या ट्यूबच्या रबरी पट्टीने गुंडाळून नीट गाठ मारली होती.

"ही पट्टी कोणी बांधली?"

"मला काय ठाऊक?"

कोमलने दाराच्या कडेचा स्टिकर बघितला. टर्बो बदलला तेव्हाचा मीटरचा आकडा तिने त्यावर लिहून ठेवला होता. "या चाळीस दिवसांत गाडी किती चालली?"

"रविवारी तेवढी हिंगोली. अडीचशे झाले असतील."

"मीटर नऊशे चाळीस सांगतंय."

शिवहारचा आवाज एकदम खाली आला. "कसं शक्य हाय? मी तर रोज मोटरसायकलवर दुकानात जातो."

"चावी कुठं असते?"

"दारामागच्या खिळ्याला."

कोमल सीटवर बसली. आतला आरसा खाली वळलेला होता. मागचा रस्ता दिसायच्या ऐवजी त्यात मागची सीट दिसत होती, जिच्यावर धड एक लेकरू मावत नाही.

"हा ढिला झालाय," शिवहार म्हणाला. "कितीदा नीट केला, तरी खाली येतोय."

तिने हलवून पाहिला. आरसा घट्ट होता.

शिवहारची बायको प्रियंका शाळेत निघाली होती. ती शिक्षिका, संध्याकाळी पाचला परतायची.

"वहिनी, खरं सांगा, गाडीला हात लावता का?"

"मला स्कूटी सोडून काही येत नाही," प्रियंका म्हणाली. "पण ती गाडी विकली गेली तर मी नारळ फोडीन, हे लिहून घे."

"मोहनसिंगनंच केलं असंल!" शिवहार मध्येच बोलला. "वीस दिवसांमागे अलाइनमेंटला त्याच्याकडं होती गाडी."

हिंगोलीच्या गॅरेजवाल्या मोहनसिंगला हे टर्बोचं काम हवं होतं, हे खरं. कोमलने फोन लावून स्पीकरवर टाकला.

"देखो बेटी," मोहनसिंग तडकला, "गाडी माझ्याकडं आली तेव्हाच तुझा टायमर बंद होता. मी शिवहारला सांगितलं पण होतं. और मैं वायर को टेप लगाता हूँ, ट्यूब नहीं बांधता!"

शिवहारने मान हलवली. हो, सांगितलं होतं. टायमर बंद पडून महिना झाला आणि मोहनसिंगकडे गाडी गेली ती त्यानंतर दहा दिवसांनी. म्हणजे तो सुटला. कोमलला त्याचं समाधान मुळीच वाटलं नाही, उलट डोकं आणखी तापलं.

"काका, दुपारी घरी कोण असतं?" तिने पुंजाजींना विचारलं.

"मीच की. जेवतो आन् झोपतो."

"गाडी नेताना कोणी दिसलं?"

"झोपलेल्या माणसाला काय दिसणार, माय?"

ती जीप स्टँडवर गेली. समोरच भिवाजीचं चहाचं हॉटेल. तिथून न दिसता गावातून कुत्रंही बाहेर पडत नाही.

"भिवाजीकाका, दुपारची लाल गाडी कोण घेऊन जातं?"

"लाल गाडी?" भिवाजीने चहाचं भांडं उगाच ढवळलं. "म्या न्हाई बा पाहिली कवा."

बाकावरचे दोन जीपवालेही एकदम रस्त्याकडे बघायला लागले. ज्या गाडीच्या शिट्टीने म्हशी बुजतात, ती यांना कधी दिसलीच नाही! कोमलला एवढा राग आला की चहा तसाच टाकून ती उठली. बाहेर उभ्या असलेल्या जीपवर आदळता आदळता ती थांबली. मग खाली वाकून तिने जीपचं मागचं चाक बघितलं, आतला आरसा बघितला आणि गिअरच्या दांड्यावर गुंडाळलेली रबराची पट्टीही बघितली.

पाच वाजता तिने सगळ्यांना शेडखाली बसवलं.

"गाडी कोणी चोरली नाही, मुद्दाम बिघडवलीही नाही," ती म्हणाली. "ज्यानं चालवली त्याला गाडी चालवायची तीस वर्षांची सवय आहे, आणि सवयीनंच माझा टर्बो खाल्ला."

शिवहार काही बोलणार होता. तिने हात वर केला.

"वायर कापली नाही, सोडवून बांधली. म्हणजे नुकसान करायचं नव्हतं, टायमर नको होता. वायरवर ट्यूबची पट्टी कोण बांधतं? जीपवाले. आरसा मागच्या सीटकडे कोण वळवतं? ज्याला मागं किती माणसं बसली ते बघायची सवय आहे तो. भिवाजी आणि जीपवाले कोणासाठी खोटं बोलतील? त्यांच्यातल्याच माणसासाठी. आणि सकाळी गाडी सरकली तेव्हा हँडब्रेक ओढायचं शिवहारभाऊंना सुचायच्या आत चाकाखाली दगड गेला होता. जीपचा हँडब्रेक कधी लागतच नाही, म्हणून प्रत्येक जीपवाला तेच करतो."

सगळे दगडाकडे बघत होते. पुंजाजी मात्र खाली बघत होते.

"एकच कळलं नाही, काका. टायमर काहून काढला?"

"चावी फिरवली तरी इंजिन बंद होईना," पुंजाजी म्हणाले. "सेनगावच्या रस्त्याला चढ हाय ना, तो चढून गेलं की इंजिन बंद करायचं. खालच्या पुलापर्यंत गाडी आपोआप जाती. तीस वर्षं असंच केलं. उतारावर काहून पेट्रोल जाळायचं?"

"चढावर टर्बो तापून लाल होतो, काका! आणि नेमकं तिथं तुम्ही त्याचं तेल बंद करता. रोज!"

"आबा!" शिवहार उठून उभा राहिला. "इंजिन बंद असल्यावर ब्रेक दगडावानी होतो. काही झालं असतं तर?"

पण कोमलचं अजून संपलं नव्हतं. "पहिल्यांदा टर्बो गेला तेव्हा इथंच, या शेडखाली, मी बोलणी खाल्ली. तुम्ही याच खाटेवर बसून ऐकत होता."

"ऐकत होतो, माय," पुंजाजी म्हणाले. "तोंड उघडलं असतं, तर चावी गेली असती. जीप तर गेलीच होती."

प्रियंकाने पदराने डोळे पुसले.

पुंजाजी उठले, टोपी घातली आणि तडक जीप स्टँडवर गेले. भिवाजीच्या हॉटेलात उभं राहून त्यांनी भरल्या बाकांसमोर मोठ्याने सांगितलं, "टर्बो म्या जाळला. दोन्ही बाऱ्या. पोरीच्या कामात खोट न्हाई." मग मागोमाग आलेल्या शिवहारला त्यांनी हिंगोलीच्या मित्रांना फोन लावायला लावला आणि त्यांनाही तेच ऐकवलं.

टर्बोचा खर्च या वेळी शिवहारने केला. आबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडेही तोच घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. दीड वर्षात हे विचारायला कोणी गेलंच नव्हतं.

पंधरा दिवसांनी लाल गाडी चढ चढून, इंजिन चालू ठेवून उतरली आणि गॅरेजसमोर येऊन थांबली. स्टिअरिंगवर पुंजाजी होते, शेजारी शिवहार. पुंजाजींनी चावी काढून कोमलच्या हातावर ठेवली. इंजिन चालूच होतं. ते उतरले आणि बॉनेटकडे बघत उभे राहिले.

"झालं का, माय?"

"न्हाई, काका. अजून एक मिनिट."

"उगंच जळून राहिलं ना पेट्रोल."

"जळू द्या."

ते थांबले. मग पायाने एक दगड ओढून त्यांनी मागच्या चाकाला लावला, आणि इंजिन आपोआप बंद होईपर्यंत तिथेच उभे राहिले.