क्रॉलच्या नावाचे गहू

ज्यांनी त्या जर्मन क्रॉलला मोकळं सोडलं, ते काय आंधळे होते? फाइल मिटवली, पेन्शन चालू केली, छातीवरचं पदकही राहू दिलं! असो. ते झालं कागदावरचं. आता रात्रीचं ऐका. स्तामातिस, राकी ओत, आणि आधी तो टीव्ही बंद कर.

हे माझ्या मावसभावाच्या बाबतीत घडलेलं. स्त्रातिस खाली बंदरावर टॅक्सी चालवायचा. १९९४, चौदा सप्टेंबर, बुधवारची रात्र. हॉटेलातून एक म्हातारा जर्मन येऊन मागे बसला. काठी हातात, पण पाठ ताठ. आपली भाषा मोडकीतोडकी बोलायचा.

"पेत्रोखोरीच्या जुन्या चर्चपाशी. बघायचं आणि परत."

"आत्ता? तिथं कुत्रंही राहत नाही, साहेब. गाव जळलंय."

"ठाऊक आहे. मी होतो तिथे."

घाटभर तो स्वतःचीच कहाणी सांगत होता. विमानातून आपल्या क्रीटवर उडी, सव्विसाव्या वर्षी कॅप्टन, मग रशिया, युद्धानंतर पुन्हा वर्दी. "पेत्रोखोरीचा हुकूम माझा. युद्ध होतं, ड्रायव्हर. एबरहार्ट क्रॉलला कुणी कधी कोर्टात उभं केलं नाही."

त्याच चर्चच्या भिंतीशी स्त्रातिसच्या आजोबांना उभं करून गोळ्या घातल्या होत्या. गावातल्या सगळ्या पुरुषांबरोबर. स्त्रातिसला वाटलं, स्टिअरिंग जरासं वळवलं की खाली दरी. पण घरी दोन मुली होत्या. तो गाडी हाकत राहिला.

वर चर्चमध्ये उजेड होता. दारात काळ्या कपड्यांतल्या बायका उभ्या होत्या. पुढे त्याची आज्जी. तिला त्यानंच खांदा दिला होता... अकरा वर्षांपूर्वी.

आज्जीच्या हातात परात होती. आपण मेलेल्या माणसासाठी करतो तेच उकडलेले गहू, वर साखरेचा थर. साखरेवर चंदेरी गोळ्यांनी मेलेल्याची अक्षरं काढतो ना, तीही होती.

ए. क.

आज्जीनं नातवाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"हे काय?" म्हाताऱ्यानं विचारलं. "पाहुण्यांसाठी?"

एका शब्दानं थांबवता आलं असतं. स्त्रातिस म्हणाला, "हो साहेब. तुमच्यासाठीच केलंय."

क्रॉल खूश झाला. मूठभर घेतले, चावले. "गोड आहे. म्हणजे तुम्ही लोक विसरलात."

ते गहू खाताना आपण म्हणतो, 'देव त्याला क्षमा करो.' त्या रात्री...

कुणीच म्हणालं नाही.

परतताना गाडी जड झाली. ब्रेक धरेना. आरशात म्हातारा एकटाच. पण कोपऱ्यात. दाराला चिकटून.

"सरका..."

"मागे कुणी नाही, साहेब."

"सरका ना... श्वास..."

मग काही नाही.

हॉटेलपाशी स्त्रातिसनं मागचं दार उघडलं. गुडघे छातीशी. गाल काचेला दाबलेला. थंड.

डॉक्टर म्हणाले, हृदय.

सकाळी गाडी पान्देलिसच्या गॅरेजात नेली. तो खाली शिरला. हात पुसत बाहेर आला.

"मागच्या दोन्ही स्प्रिंगा पार मोडल्यात. काय रे गाढवा, अख्खं गाव कोंबलं होतंस काय मागे?"